दुसऱ्याच्या गावचा बडग्या : परदेशी डिस्टोपिया वाचायचा कसा?

याह्याच्या अंगात बंदुकीची गोळी अडकून बसली आहे. एक्स-रे काढून झालाय, काय करायचं ते डॉक्टरला ठाऊक आहे. पण नव्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून अंगातली गोळी काढणं हा गुन्हा. परवाना मिळतो 'फाटका'वर, म्हणजे सगळे दाखले-परवाने देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या दारावर, आणि फाटक बंद आहे. ते उघडेल म्हणून शहरातली माणसं रांगेत उभी राहतात. कोणाला आजारपणाचा कागद हवाय, कोणाला आपण सच्चे नागरिक असल्याचा दाखला. रांग लांबत जाते. तिच्यात चहा विकणारी बाई बस्तान मांडते, धर्मोपदेश करणारा बुवा उभा राहतो, एक पत्रकार टिपणं काढत हिंडतो. आठवडे जातात. मग फाटकाकडून जाहीर होतं की याह्याला गोळी लागली त्या दिवशी गोळीबार झालाच नव्हता. म्हणजे याह्याच्या अंगात जे आहे ते आता नुसतं दुखणं उरलं नाही, तो सरकारविरुद्धचा पुरावा झाला. आणि एक्स-रे गायब होतो.

ही इजिप्तच्या बस्मा अब्देल अझीझ यांची कादंबरी. मूळ अरबीत २०१३ साली आली, एलिझाबेथ जॅकेट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१६ साली 'द क्यू' या नावाने निघाला. लेखिका पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, छळ सोसलेल्या माणसांबरोबर काम केलेल्या.

आमच्या नागपुरातल्या छोट्याशा वाचनगटात हे पुस्तक घेतलं, तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "याच्यात भविष्य कुठून आलं जी? हे तर आमच्या हापिसात रोजचंच होतं." सगळे हसले. पण काकांनी नकळत या साहित्यप्रकाराची अर्धी गुरुकिल्लीच पुढे ठेवली होती. उरलेली अर्धी अशी की हे काकांच्या ऑफिसातलं *नाही*, आणि ते नेमकं कुठे नाही हे शोधण्यातच अशा पुस्तकांची खरी मजा आहे.

आधी डिस्टोपिया म्हणजे काय ते पाहू. लेखक एक जग रचतो. त्यात राज्ययंत्रणा, कंपनी, धर्म, तंत्रज्ञान किंवा नुसती सवय माणसाला हळूहळू चेपून टाकते. भूकंप, महापूर, युद्ध यांत सगळं कोसळतं. इथे सगळं सुरळीत चालू असतं. रजिस्टरं भरली जातात, घंटा वेळेवर होते, आणि त्या सुरळीतपणाखाली माणूस दबलेला असतो. गोष्ट बहुधा पुढच्या काळातली दाखवतात, म्हणून लोक तिला भविष्यकथा समजतात आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब करायला बसतात: हे खरं ठरलं, ते नाही ठरलं. पंचांगासारखं. हा हिशेब मला कायम फिजूल वाटत आलाय.

डिस्टोपिया समजून घ्यायला नागपूरकराला फार लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीच्या बाजूला काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि त्यांच्यासोबत निघतात बडग्या. (जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी: मारबत म्हणजे रोगराई, इडापिडा गावाबाहेर घालवण्यासाठी मिरवणुकीने नेतात तो मोठा पुतळा, बडग्या म्हणजे त्या वर्षीच्या संतापाचा पुतळा. महागाईचा, लाचखोरीचा, एखाद्या पुढाऱ्याचा. ही चाल शंभराहून जास्त वर्षांची आहे.) बडग्या ओबडधोबड असतो, नाक हातभर, पोट गाडीएवढं, गळ्यात पाटी. "घेऊन जा गे मारबत" असा गजर करत लोक त्याला नेतात आणि शेवटी जाळून टाकतात. आता समजा बाहेरगावचा पाहुणा त्या गर्दीत उभा आहे. त्याला एक अक्राळविक्राळ राक्षस दिसेल. शेजारच्या नागपूरकराला मात्र ओळखीचा चेहरा दिसतो, आणि तो खदाखदा हसतो. बडग्या उद्याचं भाकीत करत नाही. यंदा आमच्या मोहल्ल्यात काय सडलंय, ते तो फुगवून दाखवतो.

परदेशी डिस्टोपिया हा दुसऱ्याच्या गावचा बडग्या. आपण तिथले पाहुणे. राक्षस दिसणं सोपं असतं, चेहरा ओळखणं कठीण.

रशियाचे व्लादिमीर सोरोकिन यांचं २००६ सालचं पुस्तक घ्या, 'डे ऑफ द ओप्रिच्निक'. गोष्ट २०२८ सालची. झारशाही परत आली आहे आणि राजाचे खास शिपाई लाल मर्सिडीजमधून हिंडतात. गाडीला पुढे कुत्र्याचं ताजं मुंडकं बांधलेलं, मागे झाडू. आपल्याला वाटतं, काय विकृत कल्पना काढली आहे! रशियन वाचकाला मात्र हे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतं. सोळाव्या शतकात भयंकर इव्हानच्या ओप्रिच्निक नावाच्या शिपायांच्या घोड्यांना कुत्र्याचं मुंडकं आणि झाडू बांधलेला असे. राजाच्या शत्रूंचा वास काढायचा आणि त्यांना झाडून टाकायचं, असा त्याचा अर्थ. सोरोकिनने घोड्याच्या जागी मर्सिडीज आणली, एवढंच. ही एक ओळ माहीत झाली की अख्खं पुस्तक बदलतं. भीतीबरोबर एक कडवट हसू यायला लागतं. आणि अनुवादात सगळ्यात आधी गळून पडतं ते हे हसूच.

त्यामुळे पुस्तक उघडल्यावर मी पहिल्यांदा मुखपृष्ठामागचं पान बघतो. मूळ आवृत्ती कोणत्या साली निघाली? अनुवाद कधी झाला? या दोन सालांमधलं अंतर फार फसवं असतं.

योको ओगावा या जपानी लेखिकेची एक कादंबरी इंग्रजीत 'द मेमरी पोलीस' म्हणून ओळखली जाते. एका बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होत जाते. अत्तर, पक्षी, फोटो. वस्तू गेली की तिची आठवणही पुसली जाते, आणि ज्यांच्या आठवणी पुसल्या जात नाहीत त्यांना पोलीस उचलून नेतात. गुलाब नाहीसे होतात त्या दिवशी नदी पाकळ्यांनी भरून वाहते. कॅलेंडरं नाहीशी होतात, आणि मग वसंत येतच नाही, बर्फ तसाच साचून राहतो. स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद आला २०१९ साली, आणि पुढच्या वर्षी पुस्तक आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत गेलं. अमेरिका-इंग्लंडातल्या अनेकांनी ते खोट्या बातम्यांच्या आणि मोबाइलवरच्या पाळतीच्या काळावरचं भाष्य म्हणून वाचलं. मूळ पुस्तक आहे १९९४ सालचं! तेव्हा घरोघरी इंटरनेटही नव्हतं. ओगावांवर लहानपणापासून प्रभाव आहे तो अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीचा, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. कादंबरीची नायिका आपल्या संपादकाला घरातल्या चोरखोलीत लपवते, तेव्हा ती रोजनिशी आठवल्याशिवाय राहत नाही. आजच्या काळाशी जोडून वाचूच नये असं माझं म्हणणं नाही. पुस्तक जिवंत असेल तर ते जोडलं जाणारच. पण लेखिकेच्या तोंडी आपला मोबाइल घालू नये.

याच पुस्तकावर आमच्या गटात एक प्रश्न आला: "पण कोणीच काहून भांडत नाही जी?" विचारणारी मुलगी इंजिनिअरिंगची, हाताशी ऑर्वेलचं '१९८४' घेऊनच बसलेली. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांत ते सापडतंच. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण डिस्टोपियाचा एक ठरलेला साचा आपल्या डोक्यात बसलाय. एक साधा नोकरदार असतो. त्याला जाग येते. तो प्रेमात पडतो. बंड करतो. पकडला जातो. हा साचा इंग्रजी पुस्तकांतून आणि त्याहून जास्त हॉलिवूडमधून आला. तो घेऊन ओगावांकडे गेलं की पुस्तक अपुरं वाटतं: पुढारी नाही, भाषणं नाहीत, भिंतीवर पोस्टर नाही, उठाव नाही. माणसं फक्त आवरतात, विसरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागतात. लेखिकेला सांगायचंय ते हेच. दडपशाहीपेक्षाही आपण गमावण्याला किती झटकन सरावतो, याचं तिला भय वाटतं.

इथे एक खड्डा आहे, तो टाळायला हवा. "जपानी माणसं मुळातच सोशीक, म्हणून त्यांच्या गोष्टी अशा" असं कोणीतरी लगेच म्हणतं. त्याच दशकात, १९९९ साली, त्याच जपानमध्ये कौशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' आली. त्यात शाळकरी मुलांचा अख्खा वर्ग सरकार एका बेटावर सोडतं आणि एकमेकांना मारायला लावतं. त्यात सोशिकपणा औषधालाही नाही. एका पुस्तकावरून देशाचा स्वभाव काढायचा असेल, तर कोणी 'वाडा चिरेबंदी' वाचून अख्ख्या विदर्भाला वाडे विकायला काढेल.

पुन्हा ऑर्वेलकडे येतो, कारण त्याच्याबाबतीत एक गंमत आहे. अनुवादित साहित्य म्हणजे मूळ प्रवाहाच्या कडेची दुय्यम गोष्ट, अशी आपली समजूत असते. पण '१९८४' लिहिणाऱ्या माणसाने त्याआधी एका रशियन कादंबरीचा फ्रेंच अनुवाद वाचला होता, आणि १९४६ च्या जानेवारीत 'ट्रिब्यून' साप्ताहिकात तिच्यावर लिहिलंही होतं. ती कादंबरी येवगेनी झाम्यातिन यांची, इंग्रजीत 'वी'. '१९८४' आलं १९४९ साली. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेल्या इंग्रज लेखकाने रशियन पुस्तक फ्रेंचमधून वाचलं, आणि पुढे जगातलं सगळ्यात गाजलेलं डिस्टोपियन पुस्तक लिहिलं. या प्रकाराच्या मुळाशीच अनुवाद आहे.

'वी'ची स्वतःची वणवण तर त्याहून चमत्कारिक. झाम्यातिनने ती लिहिली १९२०-२१ च्या सुमारास. छापून आली पहिल्यांदा १९२४ साली, न्यूयॉर्कमध्ये, इंग्रजी अनुवादात. मूळ रशियन पुस्तक स्वतःच्या देशात छापायला १९८८ साल उजाडलं. मधल्या काळात लेखकाने १९३१ साली थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळालीही, आणि १९३७ साली तो पॅरिसमध्ये वारला. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत सोव्हिएत पुस्तकं असायची; जाड गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं, किंमत नगण्य, आणि भाषा चक्क मराठी, मॉस्कोतूनच छापून आलेली. त्या ढिगात झाम्यातिन कधीच नव्हता. तिथेच बंदी असलेलं पुस्तक इथे कुठून येणार?

'वी'मध्ये माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. नायक डी-५०३, अवकाशयान बांधणारा इंजिनिअर. घरांच्या भिंती काचेच्या, त्यामुळे सगळं सगळ्यांना दिसतं. पडदा ओढायची परवानगी फक्त ठरलेल्या तासाला, गुलाबी कुपन दाखवून. उठणं, जेवणं, फिरणं, सगळं तासांच्या तक्त्यावर. बहुतेक वाचक हे कम्युनिस्ट राजवटीवरचं पुस्तक म्हणून मिटतात, आणि तिथेच त्यांना चुकीचा चेहरा दिसतो. १९२० साली स्टालिनची पोलादी राजवट अजून यायची होती. डी-५०३ ज्याला जुन्या जगातला सगळ्यात थोर माणूस मानतो, तो मार्क्स नव्हेच. तो आहे फ्रेडरिक टेलर, अमेरिकन इंजिनिअर, कारखान्यात कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणारा. झाम्यातिन स्वतः जहाजं बांधणारा इंजिनिअर होता. १९१६-१७ मध्ये इंग्लंडमध्ये राहून त्याने रशियासाठी बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख केली होती. घड्याळाच्या तालावर चालणारं जग त्याने आधी तिथे पाहिलं, आणि मग क्रांतीनंतरच्या आपल्या देशात टेलरचे भक्त तयार होताना पाहिले. त्याचा बडग्या दोन्हीकडच्या घड्याळवाल्यांचा आहे. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाला हे पुस्तक एखाद्या राजकीय विश्लेषकापेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं.

आता अनुवाद कुठून कुठे येतो त्याबद्दल थोडं. आपण मराठीत जे परदेशी साहित्य वाचतो, त्यातलं पुष्कळसं इंग्रजीमार्गे आलेलं असतं. कधी इंग्रजीच दुसरी पायरी असते. अल्बानियाचे इस्माइल कादारे यांची 'द पॅलेस ऑफ ड्रीम्स' अल्बानियन भाषेत १९८१ साली आली आणि तिच्यावर बंदी आली. तिचा इंग्रजी अनुवाद मूळ अल्बानियनवरून झालेला नाही, तो फ्रेंच अनुवादावरून झाला. त्यावरून कोणी मराठीत केला तर हातात येईल ती चौथी भाषा. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. कल्पनाच एवढी जबरदस्त आहे: साम्राज्यातल्या सगळ्या लोकांची स्वप्नं गोळा करून, वर्गवारी लावून, त्यांतून राज्याला धोका कुठे आहे ते शोधणारं खातं! फायली, विभाग, बढत्या, लांबच लांब बोळ. हा सांगाडा चार भाषा ओलांडूनही शाबूत राहतो. पण एखाद्या पात्राचं बोलणं फार सपाट वाटलं, विनोद बसला नाही, तर लगेच लेखकावर राग काढू नये.

दुसरी गोष्ट, कोणतं पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचतं हे लंडन-न्यूयॉर्कमधले प्रकाशक ठरवतात. 'बंदी घातलेलं पुस्तक' अशी पट्टी मुखपृष्ठावर असली की ते तिकडे चांगलं खपतं. त्यामुळे चीनमधून, अरब देशांतून, इराणमधून प्रामुख्याने अशी पुस्तकं निवडली जातात ज्यांत तिथलं सरकार वाईट आहे. ती खोटी असतात असं नाही. पण त्या देशांत लोक प्रेमकथाही लिहितात, आणि आपल्या शेजाऱ्यांवर, सासवांवर, श्रीमंतांवर चिडूनही लिहितात. इजिप्तचे अहमद खालेद तौफिक हे पेशाने डॉक्टर, किशोरवयीन मुलांसाठी भयकथांच्या मालिका लिहून अमाप लोकप्रिय झालेले. त्यांच्या २००८ सालच्या 'युटोपिया'त श्रीमंतांची तटबंदी असलेली वसाहत समुद्रकाठी आहे, पहाऱ्याला अमेरिकन सैनिक आहेत, आणि बाहेर बाकीचा देश उपाशी. कंटाळलेली श्रीमंत पोरं गंमत म्हणून बाहेर जाऊन गरीब माणसाची शिकार करतात. या पुस्तकातला राग सरकारपेक्षा कुंपणाआडच्या शेजाऱ्यावर जास्त आहे. वर्धा रोडवरच्या टाउनशिपांच्या जाहिराती बघितल्या, स्वतंत्र रस्ता, स्वतंत्र पाणी, चोवीस तास पहारा, की तौफिक मला हटकून आठवतात.

आता काकांच्या "हे तर रोजचंच" कडे येतो. परकं पुस्तक वाचताना दोन वाटा चुकायला तयार असतात. एक म्हणजे "बापरे, काय देश आहेत हे, बरं झालं आपण इथे जन्मलो." दुसरी "सगळीकडे सारखंच, माणूस इथून तिथून एकच." पहिलीत दया आहे, दुसरीत आळस. मराठी वाचक पहिलीपेक्षा दुसरीत जास्त सापडतो. 'द क्यू' वाचताना आपल्याला तहसील ऑफिस आठवतं, रेशनची रांग आठवते, डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनात बॅरिकेडपाशी अडवलेले मोर्चे आठवतात. आठवू द्यावं. मग विचारावं: साम्य तुटतं कुठे? आपल्याकडच्या ऑफिसात खिडकीपलीकडे निदान माणूस असतो. तो "उद्या या" म्हणतो, जेवायला जातो, चिरीमिरी घेतो, ओळख काढली की विरघळतो. मोर्चातलं शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन तरी देऊन येतं. बस्मा अब्देल अझीझ यांच्या फाटकाला चेहराच नाही. लाच द्यायची तरी कोणाच्या हातात? या कादंबरीच्या मागे काहिरातलं एक दृश्य आहे. एका बंद सरकारी इमारतीसमोर लोक रांग लावून उभे होते, आणि लेखिका काही तासांनी परतली तेव्हाही तीच माणसं तिथेच उभी होती. होस्नी मुबारक ११ फेब्रुवारी २०११ रोजी पायउतार झाले, चौकात नाचलेल्या लोकांना वाटलं आता सगळं बदलेल, आणि दोनेक वर्षांत ती हवा विरत चालली. त्या विरण्यातून हे पुस्तक आलं. कादंबरीतल्या माणसांनीही एक उठाव पाहिलेला आहे. फाटक उगवलं ते त्या उठावानंतर. एवढं कळलं की रांगेतल्या लोकांचा तो थकलेला आज्ञाधारकपणा आळशीपणा वाटत नाही.

साम्य तुटण्याची उलटी बाजूही आहे. कधी दुसऱ्याची कल्पना आपल्यासाठी कल्पना नसतेच. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी 'द हँडमेड्स टेल'बद्दल (१९८५, मूळ इंग्रजीच, पण कॅनडाचं; त्यात एक धर्मांध राजवट स्त्रियांना फक्त मुलं जन्माला घालण्यासाठी ठेवते) म्हटलंय की इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं त्यांनी त्यात काहीच घातलं नाही. हे ऐकून आमच्या गटातल्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "मंग आमच्यासाठी हे सगळं भूतकाळातच येते." त्यांचं घर इंदोऱ्याचं, आजी-आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये पेशवाईतल्या पुण्याचं वर्णन केलंय: अस्पृश्याने थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधायचं, पावलं पुसली जावीत म्हणून कमरेला झाडू. काचेच्या घरांइतकंच बारकाईने आखलेलं आहे हे, तेही कुणा कादंबरीकाराने कल्पिलेलं नव्हे. माणसाची सावली कुठे पडावी याचे नियम ज्यांच्या घरच्या आठवणीत आहेत, ते वाचक 'अशी राजवट आली तर?' या प्रश्नाने दचकत नाहीत. ते विचारतात की आता ती कोणापर्यंत आली म्हणून तुम्हाला दिसायला लागली. मला हा प्रश्न या प्रकारावरच्या पुष्कळशा विद्वत्तापूर्ण समीक्षेपेक्षा धारदार वाटतो, आणि तो परदेशी पुस्तकाला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

हाओ जिंगफांग यांच्या 'फोल्डिंग बीजिंग'ला तो विचारून बघा. ही दीर्घकथा २०१२ सालची. केन लिउ यांच्या अनुवादाला २०१६ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. शहराची जमीन घडी घालते, उलटते. एका बाजूला पन्नास लाख माणसं, त्यांना पूर्ण चोवीस तास. मग जमीन पालटते. दुसऱ्या बाजूला अडीच कोटी लोकांना सोळा तास, आणि त्यानंतर पाच कोटींना रात्री दहा ते सकाळी सहा. शहरातली ही अनुक्रमे पहिलं, दुसरं आणि तिसरं जग. आपली पाळी नसताना सगळे झोपवलेले असतात. म्हणजे इथे जमिनीबरोबर वेळेचीही वाटणी आहे. तिसऱ्या जगातला लाओ दाओ कचरा वेगळा करतो. त्याच्या बापाने हे घडीचं शहर बांधायला मजुरी केली होती. त्याला दत्तक मुलीला बऱ्या बालवाडीत घालायचंय, तिची फी परवडत नाही, म्हणून तो एका प्रेमिकाचा निरोप घेऊन चोरून पहिल्या जगात जातो.

आपण वाट बघत बसतो, की आता याला चीड येईल, आता हा काहीतरी करेल. तो बंड करत नाही. पैसे घेऊन परत येतो. कथेत दुष्ट माणूसही शोधून सापडत नाही. एका मेजवानीत कोणी कचरा-प्रक्रियेचं स्वयंचलित यंत्र आणायची सूचना करतो, तेव्हा वरचा अधिकारी ती टाळतो, कारण मग तिसऱ्या जगातल्या कोट्यवधी लोकांचं काम जाईल. त्यात कणवही आहे आणि अपमानही, एकाच वाक्यात. यंत्र नकोच आहे त्यांना. माणसं गुंतून राहायला कचरा हवा आहे.

यामागचा चिनी संदर्भ म्हणजे हुकोऊ. १९५८ पासून चालत आलेली ही कुटुंब-नोंदणी ठरवते की तुम्ही गावचे की शहरचे. गावची नोंद असलेला मजूर बीजिंगमध्ये वर्षानुवर्षं इमारती बांधतो, पण त्याच्या मुलाला तिथल्या शाळेत शिरणं मुश्कील. लाओ दाओची बालवाडीची धडपड तिथून आलेली आहे. आपल्याकडे नागपुरात राहायला असा दाखला लागत नाही. बालाघाटहून, छत्तीसगडहून आलेला मजूर उद्या इथे खोली घेऊ शकतो. इथे साम्य तुटलं. मग भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डावर कचरा वेचणाऱ्यांची आडनावं विचारा, त्यांच्या आईबापांचं काम विचारा. लाओ दाओच्या जगात वरची चढण अवघड आहे, पण कचरा त्याच्या जन्माला चिकटलेला नाही. सैन्यातून वर जाऊन पहिल्या जगात पोहोचलेला तिसऱ्या जगातला माणूस कथेतच आहे. हाओंनी न लिहिलेलं एक चौथं जग आपल्याला माहीत आहे. चिनी वाचकाला ते या कथेत दिसणार नाही.

एवढं सगळं वाचण्याआधी पाठ करून बसायची गरज नाही. मी तर पुस्तक आधी कोरंच वाचतो. प्रस्तावना, अनुवादकाचं मनोगत शेवटी. बऱ्याच प्रस्तावना शेवट फोडतात, शिवाय आपण काय वाटून घ्यायचं तेही आधीच सांगून टाकतात. वाचताना जिथे काही उगाच विचित्र वाटतं, मर्सिडीजला मुंडकं का, वसंत का अडला, बालवाडीसाठी एवढा जीव का टाकतोय, तिथे पेन्सिलीने खूण करतो. पुस्तक संपल्यावर मूळ प्रकाशनाच्या आधीची पाचेक वर्षं त्या देशात काय चाललं होतं ते चाळतो. खुणांपैकी निम्म्या तिथेच उलगडतात. उरलेल्या कधीकधी उलगडत नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही. बाहेरच्या पाहुण्याला प्रत्येक बडग्याचं नाव कळलंच पाहिजे असं थोडंच आहे.

सुरुवात करायची असेल तर 'फोल्डिंग बीजिंग'नेच करा. लांबी एका संध्याकाळची, इंग्रजी सोपं, आणि ती 'अनकॅनी' नियतकालिकाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. तिच्यानंतर 'द क्यू'. 'वी' तिसरी घ्या, कारण तिचा नायक गणितातल्या उपमांत बोलतो आणि पहिली पन्नासेक पानं धीर धरावा लागतो. सोरोकिन मात्र जेवण झाल्या झाल्या वाचू नका.